मागील बाकी

गेल्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मी बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं ग्वाल्हेरला निघाले, तेव्हा माझ्या बॅगेत दोन स्वेटर होते, आईनं बांधून दिलेला कुंदा होता आणि पप्पांनी दिलेलं एक काम होतं. काम असं, की आजी-आजोबांबरोबर भरतपूरला जायचं, तीन दिवस त्यांना सांभाळायचं आणि परत येण्याआधी ही त्यांची शेवटची ट्रिप आहे हे त्यांच्या गळी उतरवायचं.

पप्पांनी हे फोनवर सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. चांगलं तीनदा सांगितलं होतं. आजोबा "बरं" म्हणायचे आणि फोन आजीकडे द्यायचे. आजी विचारायची, "जेवलास का?" मग पप्पांचा नाइलाज व्हायचा. "तुझं ऐकतील," ते मला म्हणाले, "एकुलती नात आहेस."

आमचं घराणं मूळचं संगमनेरकडचं. आजोबा १९७१ साली सरकारी हिशेबाच्या ऑफिसात नोकरीला लागून ग्वाल्हेरला आले आणि तिथलेच झाले. आजी १९७४ मध्ये लग्न होऊन आली. पन्नास वर्षांत तिच्या मराठीत इतकी हिंदी मिसळलीय की धुक्याला ती 'कोहरा'च म्हणते. मी बेळगावात वाढले म्हणून माझ्या हेलाला मात्र हसते. आजोबा २००८ मध्ये रिटायर झाले. तेव्हापासून नाताळ आटोपला की दोघं तीन दिवस भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षी बघायला जातात. करोनाचं एक वर्ष सोडलं तर खंड नाही. "लोकांचे आईवडील रिटायर झाल्यावर वेलांकणीला जातात, आमचे बदकं बघायला जातात," असं पप्पा म्हणतात.

मलाही ते दरवर्षी बोलवायचे. दहावी होती, मग बारावी होती, मग सेमिस्टर. मी दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." आजोबांनी कधी आग्रह केला नाही. एकदाच म्हणाले होते, "पुढच्या वर्षाचं तेवढं मला सांगू नकोस, बाळ." मला तेव्हा वाटलं, रागावले असतील.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं निघालं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो झिजत चाललाय. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं आणि झालं, असं ह्यात नसतं. माणूस ठार आंधळा होत नाही. कडेचं दिसत राहतं, पण सरळ ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं. आजोबांना दार दिसतं, दारात कुणी उभं आहे हेही कळतं, पण त्या माणसाचं तोंड दिसत नाही. पेपर बंद झाला, पुस्तकं बंद झाली. पप्पांचा प्रश्न तसा साधाच होता. दिसतच नाही तर पक्षी बघायला कशाला जायचं? आणि तिकडे पडले-बिडले तर?

मलाही ते पटलं होतं. खरं सांगायचं तर काम सोपं वाटलं होतं.

*

आम्ही ग्वाल्हेरहून आग्र्यापर्यंत रेल्वेनं गेलो आणि पुढे भरतपूरची बस धरली. मी टॅक्सी करू म्हटलं. आजोबा म्हणाले, "बसची खिडकी मोठी असते." खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. चंबळ कधी ओलांडली तेही मला कळलं नाही. पुलाचा खडखडाट ऐकून आजोबांनीच सांगितलं.

फत्तेपूर सिक्री मागे पडल्यावर त्यांनी पानिपताचा विषय काढला. दरवर्षी इथेच काढतात, असं आजी म्हणाली. पानिपत आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं, १४ जानेवारी १७६१. पण पुस्तकात लढाई संपली की धडा संपतो. आजोबांना त्याच्या पुढचं सांगायचं असतं. भर थंडीत, अंगावर धड कपडे नसलेले जे लोक जीव घेऊन दक्षिणेकडे पळत आले, त्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटानं आसरा दिला. खायला दिलं, पांघरायला दिलं, जखमांवर औषध दिलं आणि मग ग्वाल्हेरच्या वाटेला लावलं. हाच सूरजमल लढाईच्या आधी भाऊसाहेबांशी बिनसून निघून गेला होता.

"आणि आपण जातोय ते तळंही त्याच्याच बांधामुळे झालंय," आजोबा म्हणाले. "अजान बांध. हिवाळ्यात आसऱ्याला येणाऱ्यांची ह्या गावाला सवय आहे."

केवलादेव जंगलासारखं दिसत असलं तरी पाणी तिथं आपसूक साठत नाही, हे मला माहीत नव्हतं. मुळात ती एक बशीसारखी खोलगट जमीन. गंभीर आणि बाणगंगा ह्या नद्यांचं पावसाळी पाणी बांधानं अडवायचं आणि पाटांनी, झडपांनी खेळवत आत सोडायचं. पुढच्या राजांनी ही सोय वाढवली ती बदकांच्या शिकारीसाठी. सगळं मिळून २९ चौरस किलोमीटर. १९८१ मध्ये ते रामसर यादीत गेलं, पुढे राष्ट्रीय उद्यान झालं, १९८५ मध्ये जागतिक वारसा. आता गंभीर नदीवर वर करौलीकडे पांचना धरण झाल्यामुळे पहिल्यासारखं पाणी येत नाही. चंबळचं पाणी पाइपानं आणावं लागतं. आजी-आजोबा पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणे निम्म्याहून जास्त तळी कोरडीच होती. "चिखल बघून आलो तीन दिवस," आजी म्हणाली. "मला वाटलं, आता हे पुन्हा काही यायचे नाहीत. तर लॉजवाल्याला पुढच्या वर्षाचं सांगूनच निघाले."

*

उद्यानात मोटारी नेता येत नाहीत. पायी जायचं, भाड्याची सायकल घ्यायची, नाहीतर सायकलरिक्षा करायची. रिक्षावाल्यांना पक्ष्यांची माहिती असते. वनखात्यानं त्यांना शिकवलेलं आहे. आमचे रिक्षावाले सरदारजी होते, आजी-आजोबांच्या ओळखीचे. आजोबांना हाताला धरून बसवताना ते म्हणाले, "बाबूजी, इस बार पानी अच्छा है." आजोबांचा चेहरा असा खुलला की जणू पेन्शन वाढली.

मी मागून सायकलवर. दुतर्फा बाभळी आणि कदंब, त्यापलीकडे पाणी, आणि पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत. हे करकोचे पावसाळ्यात घरटी करतात. डिसेंबरात पिल्लं जवळजवळ आईबापांएवढी झालेली असतात, पण रंग अजून मळकट आणि मागणं अजून चालूच. एकेका झाडावर पाचपंचवीस. लग्नघरातल्या स्वयंपाकघरासारखा गलका.

सरदारजींनी रिक्षा थांबवली. आजीनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मग जे सुरू झालं ते मी पहिल्यांदाच बघत होते.

"अहो, डावीकडे, गवताच्या कडेला. वांग्याच्या रंगाची कोंबडी. पाय लाल, कपाळ लाल. चालताना शेपटी झटकतेय, खालून पांढरी."

"जांभळी पाणकोंबडी. किती?"

"चार. नाही, पाच. पुढे काळी बदकं, भरपूर. कपाळावर पांढरा टिळा."

"वारकरी. ती बदकं नाहीत. मोजू नकोस, 'पुष्कळ' लिही."

"वाळक्या फांदीवर एक बसलाय, पंख वाळत घातल्यासारखे उघडे टाकून. मान सापासारखी."

"चोच? वाकडी की सरळ?"

"सरळ. सुईसारखी."

"तिरंदाज. वाकडी असती तर पाणकावळा."

आजी सांगायची आणि आजोबा नाव द्यायचे. ज्याची चोच पळीसारखी तो चमचा. ज्याची पुढून थापी मारल्यासारखी चपटी, ते बदक थापट्या. आजीनं नावं पाठ केलेली नाहीत. "मला बघायला आवडतं, नावं ह्यांची ह्यांना," ती म्हणते. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आजोबांनी इतका वाचलाय की त्याची पानं सुटी झालीत. आता वाचता येत नाही, पण डोक्यात शाबूत आहे. घरून निघताना पुस्तक बॅगेत मात्र भरलंच होतं.

मध्येच मला दिसलं की आजोबा पक्ष्याकडे न बघता जरा वर आणि बाजूला बघतायत. मला वाटलं, कुठे आहे ते त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, "आजोबा, तिकडे नाही, इकडे."

"तिकडेच बघतोय," ते म्हणाले. "सरळ बघितलं की तिथं डाग येतो. जरा बाजूला बघितलं की कडेला हालचाल दिसते. तुझी आजी सांगते ते आणि मला कडेला दिसतं ते जोडून घ्यायचं. होतो पक्षी तयार."

आजोबांना सगळं मोजायची सवय. हिशेबातच आयुष्य गेलं. आजी वैतागून म्हणाली, "प्रभूनं आकाशातल्या पाखरांकडे बघायला सांगितलंय, मोजायला नाही." सरदारजींना काही कळलं नसावं, पण तेही हसले.

आत केवलादेवाच्या देवळाजवळ जुने दगड आहेत, त्यांवर शिकारींचा हिशेब कोरलाय. कुठली तारीख, पाहुणे कोण, बंदुका किती, पक्षी किती. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३. मी तो आकडा मोठ्यानं वाचला. आजोबा म्हणाले, "हासुद्धा अकाउंट्सच्याच माणसानं लिहून काढला असणार." मग थोडं थांबून, "बिचाऱ्यानं मोजले तरी असतील नीट."

तिथंच चहा पिताना सरदारजींनी म्हशींची गोष्ट सांगितली. पूर्वी आसपासच्या गावांच्या म्हशी इथं चरायच्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पक्ष्यांच्या रक्षणासाठी चराई बंद केली. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. आणि नंतर काय दिसलं? म्हशी खायच्या ते गवत माजलं, पाण्यावर पसरलं आणि तळी गुदमरायला लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून सांगितलं, की म्हशी बंद करून पक्ष्यांचं भलं झालं नाही, नुकसानच झालं. "बचाने के लिए ही तो बंद किया था," सरदारजी म्हणाले. बायबलची शपथ, मला त्या क्षणी पप्पा आठवले. पण मी विषय बदलला.

*

रात्री लॉजवर गोधड्यांत बसून जपमाळ झाली आणि मग आजीनं वही काढली. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, हिशेबाची असते तशी. तारीख, वेळ, पक्षी, नग, शेरा, असे रकाने. पक्ष्यांना 'नग' म्हटलेलं बघून मला हसू आलं. सुरुवातीची चौदा वर्षं आजोबांचं अक्षर, छापल्यासारखं. मग एका वर्षी ते रेघेवरून घसरायला लागतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून आजीचं गोल अक्षर सुरू होतं. शेऱ्याच्या रकान्यात आजोबांनी 'नर', 'मादी', 'उडताना' असं लिहिलेलं. आजीनं लिहिलंय, 'फार गोड', 'ह्याला थंडी वाजत होती', 'आज चहा बेकार'.

पण एक गोष्ट मला कळेना. प्रत्येक वर्षाचं पान एकाच ओळीनं सुरू होत होतं. जमाखर्चाच्या वहीत नव्या पानावर आधीची रक्कम ओढून आणतात ना, तसं:

'मागील बाकी : सायबेरियन क्रौंच, २.'

सोळा वेळा. शेवटच्या वर्षांची ओळ आजीच्या अक्षरात, पण मजकूर तोच.

मी विचारलं. आजोबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, म्हणजे झोपल्यासारखे पडले होते. आजी म्हणाली, "उद्या सांगते."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की हातभर पुढचं दिसत नव्हतं. मी म्हटलं, ऊन पडू दे, मग जाऊ. आजोबा तयार होऊन बसलेले, मंकी कॅप, मफलर, कोट. "आवाज ऐकायला धुकं चांगलं असतं," म्हणाले. रिक्षा मुख्य रस्त्यावर सोडून आम्ही एका बांधावर चालायला लागलो. पुढे मी, मध्ये आजोबा, मागे आजी.

अचानक डोक्यावरून आवाज आला, गँ गँ करत एक थवा. "राजहंस!" आजोबा ओरडले. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले, हिमालय ओलांडून येणारे. त्यांनी नेहमीच्या सवयीनं मान बाजूला वळवली, मानेबरोबर पाऊलही वळलं, आणि ओल्या गवतावरून ते बांधाखाली घसरले.

मी त्यांचा कोट धरला म्हणून ते पाण्यात आडवे झाले नाहीत. गुडघ्यापर्यंत चिखल, एक बूट आतच राहिला. लागलं काही नव्हतं. पण माझे हात थरथरत होते, आणि मग मी नको ते बोलले.

"पप्पा बरोबर म्हणतात! हे आता बंद करा. दिसत नाही तर कशाला यायचं? ही शेवटची वेळ, असं सांगायलाच मला पाठवलंय."

कोणी काही बोललं नाही. राजहंसांचा आवाज लांब गेला. आजोबा म्हणाले, "बूट तेवढा बघ गं मिळतो का." मी कोपरापर्यंत हात घालून तो बूट काढला. सरदारजी आले, त्यांनी आजोबांना धरून टपरीवरच्या शेकोटीकडे नेलं. आजी आणि मी बांधावरच्या दगडावर बसून राहिलो. मला रडू येत होतं.

"तू स्टेशनावर उतरलीस तेव्हाच मला कळलं होतं कशाला पाठवलंय ते," आजी म्हणाली. "सात वर्षं बोलवतोय तर आली नाहीस, आणि ह्या वर्षी न बोलावता आलीस."

मग तिनं क्रौंचांचं सांगितलं.

सायबेरियन क्रौंच हा पांढराशुभ्र पक्षी, पंखांची टोकं तेवढी काळी, तोंड लाल. पश्चिम सायबेरियातल्या ओब नदीच्या खोऱ्यातून, अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून हजारो किलोमीटर उडत हे क्रौंच हिवाळ्यात भरतपूरला यायचे. सगळ्या भारतात तेव्हा त्यांचं हेच एक भरवशाचं ठिकाण उरलं होतं. १९६०च्या दशकात दोनशेच्या आसपास येत. मग वाटेत शिकार झाली, वाटेवरची तळी आटली, आणि आकडा उतरत गेला. २००१च्या हिवाळ्यात फक्त एक जोडी आली. आजीनं पेपरात फोटो पाहिला. ती आजोबांना म्हणाली, दोन दिवस जाऊन येऊ या, जवळच तर आहे. आजोबांच्या टेबलावर कामाचा ढीग होता. रजा कुणी नाकारली नव्हती. त्यांनी मागितलीच नाही. म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षी क्रौंच आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. ह्या जातीचे उरलेसुरले बहुतेक सगळे पक्षी आता हिवाळ्यात चीनमधल्या पोयांग सरोवरावर जातात. ती जोडी भारतातली शेवटची ठरली.

"तेव्हापासून हे माझं देणं लागतात," आजी म्हणाली. "तोंडानं कधी बोलले नाहीत. पण रिटायर झाल्यावर पहिल्यांदा आलो ना, तेव्हा त्या नव्या वहीवर पहिली ओळ ही लिहिली. दरवर्षी लिहितात. आता मला लिहायला लावतात."

मी विचारलं, "तुला फार वाईट वाटलं होतं का गं, ते क्रौंच बघायचे राहिले म्हणून?"

आजीनं इकडेतिकडे पाहिलं, जणू धुक्यात कुणी ऐकत असेल.

"मला क्रौंचांचं काय करायचं होतं? मला घराबाहेर पडायचं होतं. सत्तावीस वर्षं झाली होती लग्नाला. गावी जायचं तर कुणाचं लग्न नाहीतर मयत. नुसतं दोघांनी कुठं जावं, असं एकदाही नव्हतं. त्या दिवशी पेपरात फोटो आला म्हणून क्रौंच म्हटलं. ताजमहाल आला असता तर ताजमहाल म्हटलं असतं."

"मग आजोबांना सांगितलं का नाहीस?"

"आता कशाला? इतक्या वर्षांचा हिशेब चुकीच्या खात्यावर लिहिला हे कळलं तर झोप लागायची नाही त्यांना." मग ती हसली. "आणि काय बिघडलं? दरवर्षी आणतात की."

मी गप्प होते. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तुझा बाप काळजीनं बोलतो, मला कळतं. आज घसरले, उद्या खरंच पडतील. पण घरी ठेवलं तर दिवसभर काय बघतील? भिंत. भिंतीचं मी काय सांगू त्यांना? इथं मला सांगण्यासारखं काही असतं. नाहीतर इतक्या वर्षांनी आम्ही दोघं बोलणार तरी काय?"

*

धुकं दहाच्या सुमारास उतरलं. आजोबा सरदारजींचे मोजे घालून परत आले. माझ्याकडे न बघता (म्हणजे बाजूला बघत, म्हणजे खरं तर माझ्याकडेच बघत) म्हणाले, "कुंदा आणलायस ना बॅगेत? भूक लागलीय." इतकंच.

आम्ही कुंदा खाल्ला. पाण्यात मधोमध एक नीलगाय पोटापर्यंत उभी राहून पाणवनस्पती चरत होती. पलीकडच्या उंचवट्यावर साळिंदराच्या बिळातून एक अजगर उन्हाला बाहेर आला होता. हिवाळ्यात ते असे येतात. आणि मग लांबून एक मोठी, तुतारीसारखी हाक आली आणि तिला लागूनच दुसरी.

"सारस," आजोबा म्हणाले. "दोन आहेत." आजीनं दुर्बीण काढली आणि माझ्या हातात दिली. "आज तू सांग."

मी सांगायला लागले. "उंच आहेत. राखाडी. डोकं लाल."

"हे पुस्तकातलं झालं," आजोबा म्हणाले. "ते मला माहीत आहे. काय करतायत?"

तीन वर्षं मी साहित्य शिकतेय. वर्णन कसं असावं, ह्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहू शकते. पण त्या बांधावर मला एक वाक्य सुचेना. मी पुन्हा दुर्बीण लावली आणि ह्या वेळी जरा वेळ काही न बोलता बघत राहिले.

"दोघं शेजारी उभे आहेत. एकानं मान वर करून चोच आकाशाकडे केली, पंख उचलले, हाक मारली. दुसऱ्यानं लगेच. आता थांबले. एक पुढे चाललाय, पाय चिखलातून सावकाश काढत, जसे... जसे तुम्ही मघाशी काढत होता. दुसरा थांबलाय. पहिल्यानं मागे वळून बघितलं. आता दुसराही निघाला."

आजोबा बाजूला बघत होते. "दिसले," म्हणाले.

त्या दिवसाची नोंद माझ्या अक्षरात आहे. सारस, नग २. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर आजोबा म्हणाले, "नात." आणि आजी म्हणाली, "बूट सापडला, हेपण लिही."

*

एकतीस तारखेला संध्याकाळी ग्वाल्हेरला परतलो, वर्षअखेरच्या मिस्साला वेळेवर. त्याआधी पप्पांचा फोन आला. मी त्यांना घसरल्याचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"मग? बोललीस ना त्यांच्याशी?"

"बोलले."

"काय ठरलं?"

"पुढच्या वेळी काठी न्यायची. धुकं उतरल्याशिवाय बांधावर जायचं नाही. आणि दोघांनीच जायचं नाही, बरोबर तिसरं कुणीतरी हवं."

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि हे तिसरं कोण?"

मी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हटलं नाही. डिसेंबरच्या कुठल्या तारखेला परीक्षा संपते ते कॅलेंडरवर बघून सांगितलं.

हा लेख आपल्या अंकात आला की मी लिंक आजीला पाठवणार आहे. आजोबांना वाचता येत नाही, त्यामुळे तीच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवेल. बांधावर बसून ती मला जे बोलली तिथपर्यंत आली, की चष्मा पुसल्यासारखं करेल आणि ती दोन-तीन वाक्यं गाळून पुढे जाईल. आजोबांच्या लक्षात येईल की मध्ये काहीतरी सुटलंय, कारण बेरीज लागणार नाही. पण ते विचारतील असं मला वाटत नाही.